निळा न झालेला तुकडा

"वासंती, हातातलं ठेव आणि हिकडं ये."

सासूबाईंचा आवाज अगदी हळू होता, म्हणूनच मी धावले. मोठ्याने त्या दूधवाल्याशी, मांजराशी आणि देवाशीही बोलायच्या. हळू बोलल्या की समजायचं, काहीतरी खरंच बिघडलंय.

माझा तान्हा पुष्कर त्यांच्या पायांवर पालथा पडला होता. अंगभर तेल, न्हाणीत पाणी तापलेलं. त्यांनी त्याच्या उजव्या कानामागचे केस बोटाने बाजूला सारले.

"बघ."

बोटाच्या पेराएवढ्या जागेत केस नव्हते. गळलेले नव्हते, ओढलेलेही नव्हते. कुणीतरी कात्रीने मुळाशी कापले होते आणि वरचे केस नीट त्यावर पाडून ठेवले होते.

"तू कापलेस?"

"मी कशाला कापू?"

"दिगूला तर स्वतःची नखं कापायची आठवण करून द्यावी लागती," सासूबाई माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "मग घरात राहिलं कोण?"

स्वयंपाकघरातून नारळ खवण्याचा आवाज येत होता. तो थांबला. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं, तसा तो पुन्हा सुरू झाला.

ही गोष्ट फार जुनी आहे. पुष्करच्या कपाळावरचे केस आता आपणहून मागे सरकायला लागलेत आणि ही हकीकत निघाली की तो हसतो. मला अजूनही हसू येत नाही.

पुष्करचं जावळ येत्या रविवारी व्हायचं होतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, त्याच्या आत उरकायचं असा सासूबाईंचा हट्ट. माझा भाऊ बाबूदादा मामा म्हणून त्याला मांडीवर घेणार होता. तोवर पोराच्या डोक्याला लोखंड लागता कामा नये, हा आमच्या मंगळवार पेठेतल्या घरातला कायदा. मी शिकलेली, शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. पण असल्या कायद्यांच्या वाटेला मी जात नसे. आणि ती बोडकी जागा बघून मी घाबरले, हे खरं.

खोबरं खवणारी होती सुगंधामावशी, सासूबाईंची धाकटी बहीण. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. माझ्या बाळंतपणाला आजऱ्याहून आली आणि माझी शाळा सुरू झाली म्हणून राहिली. पुष्कर तिच्याशिवाय झोपत नसे. मी थोपटलं तर टक्क डोळे उघडून बघायचा, आणि मावशीने नुसता हात ठेवला की मान टाकायचा. मला याचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं टोचायचंही.

"मूल नसलेल्या बाईला दुसऱ्याच्या मुलाचं जावळ कशाला लागतं, ठाव हाय न्हवं तुला?" सासूबाई कुजबुजल्या.

"आई, तुमची सख्खी बहीण आहे."

"म्हणून तर हळू बोलाय लागलोय."

माझा नवरा दिगंबर यातलं काहीही ऐकायला घरी नव्हता. तो बेडकांजवळ होता. विद्यापीठात प्राणिशास्त्रात त्याची पीएचडी चालली होती आणि पावसाळा म्हणजे त्याची सुगी. वर्षातून याच दिवसांत डबक्यांतून बेडकांची अंडी मिळत. संध्याकाळी घरी आला की हातांना चिखलाचा वास आणि चेहरा पडलेला. चेहरा पडलेला असायचं कारण होते त्याचे मार्गदर्शक गलगली सर.

हे मला ठाऊक होतं, कारण त्याच्या प्रबंधातल्या आकृत्या मीच काढत होते. त्या रात्रीही जेवणं झाल्यावर मी कागद पसरला. बेडकाच्या पिल्लाचं डोकं, जबडा, गळा. सगळ्या कुर्चा, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असतं तसलं लवचिक हाड, मी निळ्या शाईने भरत होते. गळ्याच्या मधोमध एक छोटा तुकडा मात्र त्याने कोरा ठेवायला सांगितला होता.

"हा का कोरा?" मी विचारलं.

त्याने दोन्ही तळहात जवळ आणले. "अंड्यातल्या पिल्लाच्या पाठीवर आधी दोन कडा उचलतात. करंजीच्या कडांसारख्या. त्या जुळतात आणि चिकटतात. पण त्या कडेवरच्या काही पेशी तिथे थांबत नाहीत. त्या निघतात आणि चालत खाली येतात, जबड्यात, गळ्यात. तिथे त्यांची कुर्चा होते."

"पाठीवरून गळ्यात? चालत?"

"चालतच म्हण. मी एक पिल्लू पूर्ण निळं रंगवतो, त्याच्या पाठीवरची कड कापतो आणि बिनरंगाच्या पिल्लाला बसवतो. मग निळ्या पेशी कुठे पोचल्या ते बघायचं. जबडा निळा येतो, गळ्याच्या बाजू निळ्या येतात. हा मधला एवढासा तुकडा येत नाही. तो दुसरीकडून आलेला आहे, वासंती. मला खात्री आहे."

"आणि सर?"

त्याने हात खाली घेतले. "सर म्हणतात, तुकडा ठीक आहे, तुझा हात ठीक नाही. माझ्या काचेच्या सुईने पिल्लू ओरबाडतं, तिथल्या पेशी मरतात, म्हणून तो कोरा दिसतो. काल सगळ्यांसमोर म्हणाले, दिगंबर, तू जे बघायचं ठरवलंयस तेच तुला दिसतंय. म्हणजे खोटारडाच म्हणाले ना?"

त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याची दया आली. न केलेल्या गोष्टीसाठी चार लोकांत उभं केलं की माणूस किती बारीक होतो, हे मी त्या रात्री अगदी जवळून पाहिलं.

मग मी त्याला कापलेल्या केसांचं सांगितलं. तो कागदाकडेच बघत राहिला.

"आईला काहीतरी खूळच लागतं," एवढंच म्हणाला, आणि झोपायला गेला.

खूळ एकदा घरात शिरलं की त्याला पाट मांडावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुष्करला ताप भरला. डॉक्टर म्हणाले दात येतायत. सासूबाईंनी मान हलवली, औषध घेतलं आणि घरी आल्यावर मीठ-मोहऱ्याही ओवाळल्या. मावशी मीठ आणायला उठली तर म्हणाल्या, "तू नको. वासंती आणंल."

मावशी बसली. तिने विचारलं नाही, का नको म्हणून. ते मला खटकलं. निर्दोष माणूस विचारतो की!

मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. दुपारी ती कुठेतरी जाते, असं सासूबाईंच्या ध्यानात आलं होतं. विचारलं तर, "हितंच, शेजारी," एवढंच उत्तर. पुष्कर झोपला की ती त्याच्या डोक्याकडे बघत बसायची. याआधीही बसायची, पण आता मला ते बघणं वेगळं दिसू लागलं. मी शाळेतून एक तास लवकर यायला लागले. आल्यावर आधी पोराचं डोकं तपासायचे, मग चपला काढायचे.

गुरुवारी मावशी बाहेर गेल्यावर सासूबाईंनी तिची ट्रंक उघडली. मी दारात उभी राहिले, म्हणजे पाळतीवर. दोन लुगडी, एक शाल, नवऱ्याचा फोटो. शालीच्या घडीत एक पांढरा सुताचा दोरा सापडला, आणि त्याला दोन टोकांना दोन गाठी.

सासूबाईंनी तो उचलला, झोपलेल्या पुष्करजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्याभोवती फिरवला. गाठीला गाठ बरोबर लागली.

पोराचे केस, पोराच्या डोक्याचं माप, आणि वर ताप! माझ्या सगळ्या शिक्षणाने त्या घटकेला माझी साथ सोडली.

मावशी परत आली तेव्हा दोरा सासूबाईंच्या हातातच होता.

"सुगंधा, ह्ये काय हाय?"

मावशीने दोऱ्याकडे पाहिलं, उघड्या ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माप हाय," ती म्हणाली.

"कशाचं?"

"तुला ठावच झालंय की, आक्का."

"आणि केस? केस कुणी कापले?"

आतल्या खोलीत नुकताच घरी आलेला दिगंबर कपडे बदलत होता. तिची नजर त्या दाराकडे गेली आणि परत आली. "म्या न्हाई कापले," ती म्हणाली. "ह्याच्या म्होरं म्या काय बोलणार न्हाई."

"मग रविवारच्या गाडीनं आजऱ्याला जा. पोराच्या डोक्याला वस्तरा लागंल तवा तू म्होरं नको."

दिगंबर बाहेर आला, पाणी प्यायला आणि पुन्हा आत गेला. त्याला हे सहन होत नाही, बिचारा मऊ मनाचा आहे, असं मला वाटलं. असं वाटण्यात माझा मूर्खपणा होता, पण तो कळायला अजून दोन दिवस होते.

शनिवारी त्याने मला विद्यापीठात बोलावलं. सरांना प्रबंधात हत्यारांची आकृती हवी होती आणि त्याच वेळी तो सरांसमोर एक शस्त्रक्रिया करून दाखवणार होता. मी कागद-पेन्सिल घेऊन गेले. गलगली सर उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याच्या चष्म्यातून आरपार बघणारे. सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीला डोळा लावून ते बसले आणि दिगंबरने मोहरीएवढं पिल्लू पाण्यात सोडलं.

पुढची पंधरा-वीस मिनिटं तो काम करत राहिला. दिगंबरचा हात मी कधी इतका स्थिर पाहिला नव्हता. निळी कड कापली गेली, फिक्या पिल्लाच्या पाठीवर बसली, चिकटली.

सर मागे टेकले. "आज ओरखडा नाही. एकही नाही," ते म्हणाले. "काय बदललंस?"

"सुई सोडली, सर. केसाचा फास केला."

"दाखव."

त्याने काचेची एक बारीक कांडी पुढे केली. तिच्या टोकाला मेणाने चिकटवलेला केसाचा छोटासा फास होता. शेजारी तशाच आणखी तीन कांड्या. सरांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा खुलला. "मॅडम, हे काढा आधी. असा केस मिळत नाही. मोठ्या माणसाचा केस म्हणजे पिल्लाला दोरखंड. आणि एकदा कात्री लागली की वाढणाऱ्या केसाचं टोक बोथट होतं. इथे टोक बघा कसं निमुळतं गेलंय. हा जन्मापासून न कापलेला केस आहे. कुठून मिळवलास रे?"

दिगंबर म्हणाला, "मिळाला एका ठिकाणी."

सरांनी कांडी भिंगाखाली ठेवली आणि मला जागा करून दिली. मी डोळा लावला.

केस मुळाशी काळा होता आणि टोकाला तांबूस. तो तांबूसपणा मी रोज संध्याकाळी उन्हात बघत असे. आमच्या दोन्ही घरांत कुणाचे केस तसे नाहीत. सासूबाई म्हणायच्या, गेल्या जन्मी गोरा साहेब होता वाटतं.

मी आकृती काढली. चांगली काढली. वैताग आला की माझी रेघ सरळ येते. सर गेल्यावर मी पेन्सिल ठेवली.

"कधी कापलेत?"

"वासंती, चारच केस होते गं. म्हणजे थोडे जास्त. दुपारी जेवायला आलो होतो. तो झोपला होता."

"जावळ होईपर्यंत थांबता येत नव्हतं?"

"जावळानंतर आईने एक केस सोडला असता का? सगळे पंचगंगेत. आणि सर शनिवारी बघणार होते. या वर्षीची अंडी संपली की पुढच्या वर्षापर्यंत मी खोटारडा!"

"आणि मावशी?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"त्या दोऱ्याचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "तो खरंच विचित्र आहे."

"दोऱ्याचं सोडा. केसांचं बोला."

"आईला काय सांगू? बेडकासाठी जावळाला कात्री लावली म्हणून? ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही. उद्याचं होऊन जाऊ दे. मावशी जरा आजऱ्याला राहील, महिन्याभरात आईचा राग उतरेल, मग मी स्वतः जाऊन घेऊन येतो."

"सरांनी तुम्हाला खोटारडं म्हटलं तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते."

"ते वेगळं आहे."

"हो," मी म्हटलं. "तुम्हाला हत्यार मिळालं. तिला काय मिळणार?"

मी एक कांडी उचलून पेन्सिलींच्या डबीत ठेवली. आकृती घरी पुरी करते, म्हटलं. त्याने मान हलवली. उद्या सकाळपर्यंत घरात सांगा, असंही मी त्याला म्हटलं आणि त्याने त्यालाही तशीच मान हलवली.

रविवार उजाडला. चहा झाला, नाश्ता झाला, बाबूदादा आला, न्हावी आला. दिगंबर पाट मांडत होता, समई पुसत होता, न सांगता नारळसुद्धा सोलून ठेवला त्याने. एरवी हा माणूस घरात पेल्याची जागा बदलत नाही. मी दर वेळी त्याच्याकडे बघायचे आणि तो दर वेळी नवीन काम शोधायचा.

मावशी आतल्या खोलीत होती. बांधलेली पिशवी आणि ट्रंक तिच्याजवळ होती, आणि पुष्कर मामाच्या मांडीवरून आतल्या दाराकडेच हात करून रडत होता.

वस्तरा फिरला. तांबूस केस ताटातल्या विड्याच्या पानावर पडत गेले. आमच्याकडे आत्याने जावळ झेलायचं असतं. दिगंबरला बहीण नाही, म्हणून ताट सासूबाईंनीच धरलं होतं. शेवटची बट पडल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला.

"सुटलो बया एकदाचं," त्या म्हणाल्या. "आता ऱ्हायलेत ते तेवढे. ते कुणाच्या मुठीत हाईत, त्या ज्योतिबालाच ठाव."

मी दिगंबरकडे पाहिलं. तो समईची वात सारखी करायला लागला.

मी डबी उघडली आणि कांडी ताटात, त्या केसांवर ठेवली.

"राहिलेले इथे आहेत, आई," मी म्हटलं. "कुणाच्या मुठीत होते, ते यांना विचारा."

न्हाव्याने वस्तरा पुसायचा थांबवला. सासूबाईंनी कांडी डोळ्यांजवळ नेली, फास पाहिला, त्याचा रंग पाहिला. मग मुलाकडे पाहिलं.

"मी कापले," दिगंबर म्हणाला. आवाज फाटका आला. "कामासाठी. मावशीचा काही संबंध नाही. मी सांगणार होतो."

"कवा?" सासूबाई म्हणाल्या. "ती यष्टीत बसल्यावर?"

सासूबाईंच्या हातातलं ताट एका बाजूला कललं, तसं बाबूदादाने ते काढून घेऊन पाटावर ठेवलं.

मावशी दारात येऊन उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पांढऱ्या सुताचं विणलेलं एक टोपडं. विणायची सुई शेजारच्या काकूंची होती, म्हणून रोज दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून तिने ते पुरं केलं होतं. जावळ झालेल्या डोक्याला पावसाळ्यात गार लागतं, आणि माप घ्यायला दोऱ्याशिवाय तिच्याकडे होतं काय?

ती पुष्करसमोर बसली. तो झेपावला. तिने टोपडं त्याच्या गुळगुळीत डोक्यावर चढवलं. बरोबर बसलं.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलंत, टोपड्याचं माप आहे म्हणून?"

"टिरंक उघडून बसलेल्या माणसांस्नी काय सांगायचं, पोरी?"

"सुगंधा," सासूबाई रडत होत्या, "माझं चुकलं गं. पर तू तरी बोलायचं..."

"म्या जागीच हुतो, आक्का," मावशी म्हणाली. "पोर माझ्या कुशीतच निजलं हुतं. दिगूनं कात्री लावली, केस सारखं केलं, समदं बघितलं म्या. वाटलं, त्याचा बा हाय, कायतरी काम आसंल."

दिगंबरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मग त्या दिवशी का नाही म्हणालीस?" तो हातांआडूनच म्हणाला.

"माझ्या तोंडनं आलं आसतं, तर आक्का म्हणाली आसती, सवताचं झाकाया पोराचं नाव घेती. त्ये तुझ्याच तोंडनं याया पायजे हुतं." तिने पदराने पुष्करचं नाक पुसलं. "म्या रोज वाट बघत हुतो."

मग तिने ताटाकडे हात नेला. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत राहिलो. सासूबाई, बाबूदादा, न्हावी, मी. तिने केसांतून ती कांडी अलगद उचलली, फासाला धक्का लागू न देता, आणि दिगंबरच्या हातात ठेवली.

"घे. काम व्हायचं आसंल आजून. आता समद्यांच्या देखत दिलेत."

त्या फासांनीच दिगंबरने पुढचे सगळे गर्भ हाताळले. मधला तुकडा अखेरपर्यंत निळा झाला नाही. सरांनी आधी स्वतः करून पाहिलं, मग मान्य केलं, आणि भर सभेत सांगितलं की आपला संशय चुकीचा होता. दिगंबरला डॉक्टर म्हणू लागले. आकृतीत तो तुकडा मी कोराच ठेवला आहे. प्रबंध उघडला की अजून दिसतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी सासूबाई स्टँडपर्यंत मावशीच्या मागे गेल्या, पिशवी ओढून धरली, पाया पडते म्हणाल्या. मावशीने त्यांचे डोळे पुसले आणि गाडीत बसली. "यीन की," म्हणाली, "बोलिवशील तवा." पुढे दर सणाला आम्ही बोलावलं. ती आली, दोन दिवस राहिली आणि गेली. ट्रंक मात्र पुन्हा कधी आणली नाही.

त्या रात्री पुष्करला झोपवायला आम्ही तिघंही बसलो होतो. मी थोपटलं, सासूबाईंनी थोपटलं, शेवटी दिगंबरने थोपटलं. पांढरं टोपडं घालून तो दाराकडे बघत राहिला आणि झोपला नाही.